नवा लॅपटॉप आणला की पहिल्या आठवड्यात हार्डवेअर कसं तपासायचं, आणि कुठल्या क्रमाने

ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपला बदलून मिळायची मुदत बहुतेक वेळा ७ दिवस असते, कधी १०, आणि दुकानातून घेतलात तर बऱ्याचदा तेवढीही नसते, डबा फोडला की "आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा" एवढंच. म्हणून पहिला आठवडा वॉलपेपर निवडण्यात घालवू नका. आणि तपासायचं म्हणजे काय, तर जे नंतर बदलता येत नाही ते सगळ्यात आधी बघायचं. एसएसडी (फायली साठवायची डिस्क) नंतर मोठी टाकता येते, स्लॉट असेल तर रॅम वाढवता येते, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चक्कर मारली की दोन्ही मिळतं. पण स्क्रीन, कीबोर्ड, हिंज (झाकणाची बिजागरी), पंख्याचा आवाज, मदरबोर्डला सोल्डर केलेली रॅम, हे जसं आलं तसंच पुढची चार-पाच वर्षं तुमच्या गळ्यात. लोक नेमकं उलट करतात, आय-फाइव्ह की आय-सेव्हन यावर तासभर वाद घालतात आणि स्क्रीनकडे बघतसुद्धा नाहीत.

माझा आत्ता घेतलेला आहे तो १४ इंची, रायझनवाला, १६ जीबी रॅम आणि ती सगळी सोल्डर केलेली. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण खालचं सगळं कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू पडतं.

डबा फोडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, सील दिसायला पाहिजे आणि बाहेरच्या लेबलवरचा सिरियल नंबरसुद्धा. तोच नंबर लॅपटॉपच्या पोटावर, तोच बिलावर, तीनही जुळले पाहिजेत. त्याच लेबलवर एमआरपीच्या जवळपास उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते वर्षभर जुनं असेल तर बॅटरी इतके महिने गोडाऊनमध्ये पडून होती हे लक्षात ठेवा, पुढे बॅटरीकडे येऊ तेव्हा कामाला येईल.

मग लगेच विंडोजचं सेटअप सुरू करू नका. काही विक्रेते "तुम्ही अकाउंट टाकून अ‍ॅक्टिव्हेट केलंत, आता परत घेत नाही" असा पवित्रा घेतात, त्यामुळे जेवढं बंद मशीनवर आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मशीनचा स्वतःचा मेनू) बघता येतं तेवढं आधी उरकून घ्या. सपाट टेबलावर ठेवा, चारही रबरी पाय टेकतात का, एका कोपऱ्यावर दाबलं की डुगडुगतो का. झाकण एका हाताने उघडतं का, आणि उघडल्यावर टायपिंग करताना स्क्रीन हलते किती. झाकण उघडताना हिंजपाशी कटकट आवाज किंवा बेझल (स्क्रीनभोवतीची चौकट) उचलल्यासारखं दिसलं तर तिथेच थांबा, हिंजचं दुखणं आपोआप बरं होत नाही, वाढतच जातं. टचपॅडचे खालचे दोन्ही कोपरे क्लिक करून बघा, स्वस्तातल्या मशीनमध्ये एक बाजू हमखास ढिली निघते. मग पॉवर बटण दाबून लगेच एफ-टू किंवा डिलीट दाबत राहा (कंपनीप्रमाणे की वेगळी), बायोस उघडेल, तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम आणि सिरियल नंबर इंटरनेटशिवाय दिसतात.

एवढं ठीक असेल तर विंडोजचं सेटअप उरका. आता स्क्रीन, इथे वेळ घाला.

शोरूममध्ये सगळ्या स्क्रीन छान दिसतात कारण ब्राइटनेस फुल असतो आणि वर समुद्र आणि पोपटांचा डेमो व्हिडिओ चालू असतो. घरी आणल्यावर पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग एकेक करून फुल स्क्रीन लावा, तसे फोटो नेटवर मिळतात, आणि इंच-इंच बघा. कायम काळा राहणारा ठिपका म्हणजे डेड पिक्सेल, एकाच रंगात अडकलेला म्हणजे स्टक पिक्सेल. स्टक कधीकधी सुटतो, डेड सुटत नाही. इथे एक गोष्ट माहीत पाहिजे, वॉरंटीत एका पिक्सेलसाठी पॅनेल बदलून मिळेलच असं नाही, बऱ्याच कंपन्यांच्या धोरणात ठरावीक संख्येच्या वर खराब पिक्सेल असतील तरच दोष धरतात. त्यामुळे एकच ठिपका असला तरी जे काय करायचं ते बदलून मिळायच्या मुदतीतच, वॉरंटीवर भिस्त ठेवू नका.

काळा रंग रात्री, खोलीतले दिवे घालवून बघायचा. कडेने पांढुरका उजेड दिसेल, घाबरू नका, आयपीएस प्रकारच्या पॅनेलला थोडा असतोच. डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा, उजेडाचा डाग जागा बदलत असेल किंवा कमी-जास्त होत असेल तर तो पॅनेलचा स्वभाव आहे, पण डोकं कुठेही नेलं तरी एकाच जागी तेवढाच पिवळट डाग असेल तर तो खरा बॅकलाइट ब्लीड, म्हणजे पॅनेल फ्रेममध्ये कुठेतरी दाबलं गेलंय, तो परत द्यायला पुरेसं कारण आहे.

ब्राइटनेसचा आकडा निट्समध्ये असतो, स्वस्तातल्या बऱ्याच मशीनला २५०, जरा बऱ्याला ३०० ते ४००. पुण्यात गॅलरीत किंवा खिडकीशी बसून काम करणाऱ्यांना २५० दिवसा पुरत नाही, साफ सांगतो, स्वतःचाच चेहरा दिसतो स्क्रीनमध्ये. माझा ३०० चा आहे, खिडकीकडे पाठ केली नाही तर चालतं. आणि स्पेसिफिकेशनमध्ये "४५ टक्के एनटीएससी" (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप, एसआरजीबी हे तसंच दुसरं) असं लिहिलेलं दिसलं तर समजा की रंग फिके असणार, ते साधारण ६२ ते ६५ टक्के एसआरजीबी होतं. एक्सेल आणि कोडिंगला काही फरक पडत नाही, पण लग्नाचे फोटो एडिट करणार असाल किंवा साड्यांचं ऑनलाइन दुकान चालवत असाल तर पैठणीचा रंग तुम्हाला एक दिसेल आणि गिऱ्हाईकाला दुसरा. १०० टक्के एसआरजीबी घ्या, तेच ७२ टक्के एनटीएससी म्हणूनही लिहितात.

ज्यांचे डोळे लवकर दुखतात त्यांनी अजून एक करा, ब्राइटनेस २०-३० टक्क्यांवर आणा आणि मोबाईल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर स्पीड हजाराच्या पुढे नेऊन स्क्रीनकडे धरा. पट्टे पळताना दिसले तर स्क्रीन आतल्या आत चालू-बंद होऊन उजेड कमी करते आहे. ओलेड प्रकारच्या स्क्रीनमध्ये हे जास्त सापडतं. सगळ्यांना त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना रोज होतो.

कीबोर्ड. सगळ्या की चालतात का हे दाखवणाऱ्या साइट आहेत, एकेक दाबा, झालं. पण तेवढ्याने हात बसतो का हे कळत नाही. त्यासाठी मराठीत दोन-तीन पानं खरोखर टाइप करा. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक २०१९ पासून आत आहेच, इनस्क्रिप्ट तर त्याच्याही खूप आधीपासून. इनस्क्रिप्टवाल्यांनी डावी बाजू नीट बघावी कारण मात्रा आणि स्वर बहुतेक डाव्या हाताला आहेत, आणि पाय मोडायची हलंत डी वर, जवळजवळ प्रत्येक जोडाक्षराला ती लागते, म्हणजे इंग्रजीवाल्याची डी जेवढी झिजते त्याच्या कितीतरी पट आपली झिजणार. ती की मऊ, तिरकी किंवा अर्धवट लागत असेल तर आत्ताच कळू द्या. रुपयाचं चिन्ह ४ वर छापलेलं असतं, उजवं ऑल्ट धरून ४ दाबल्यावर ₹ उमटत नसेल तर कीबोर्ड खराब नाही, भाषेत इंग्लिश इंडिया निवडायचं राहिलंय.

आणि पॉवर बटण कुठे आहे ते बघा. हल्ली ते डिलीटच्या शेजारी कीबोर्डातच बसवतात. माझ्याही मशीनला तसंच आहे, कोणाची कल्पना देव जाणे, पण बटण जरा कडक ठेवलंय आणि सेटिंगमध्ये जाऊन एका दाबाने काहीच होऊ नये असं करता येतं, ते करून टाका.

आता विंडोजमधून आतलं सामान बघू. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी. किती स्लॉट वापरात आहेत, स्पीड किती, सगळं उजवीकडे लिहिलेलं असतं. फॉर्म फॅक्टरपुढे "रो ऑफ चिप्स" असं आलं तर रॅम सोल्डर केलेली आहे, "सोडिम" आलं तर काढता-घालता येते. ८ जीबीची एकच पट्टी असेल आणि दुसरा स्लॉट रिकामा, तर दुसरी टाकल्यावर नुसती जागा वाढत नाही, ड्युअल चॅनलमुळे (दोन्ही पट्ट्या एकदम वापरल्या जातात) प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला चांगला दम येतो. इंटेलच्या आयरिस एक्सईवाल्या मशीनमध्ये तर एकच पट्टी असेल तर विंडोज ग्राफिक्सचं नाव आयरिस न दाखवता नुसतं यूएचडी दाखवतं, आणि लोकांना वाटतं दुकानदाराने फसवलं. फसवलं नाही, पट्टी एक आहे. आणि ८ जीबी घेऊन ७ पॉइंट काहीतरीच वापरता येतेय असं दिसलं तर बाकीची ग्राफिक्सने राखून ठेवलेली असते, तेही बरोबरच आहे.

प्रोसेसरचं नाव पूर्ण वाचा, शेवटच्या अक्षरासकट. यू म्हणजे साधारण १५ वॉटवाला, एच म्हणजे ४५ च्या आसपास, त्यामुळे एच मालिकेतला आय-फाइव्ह जड कामात यू मालिकेतल्या आय-सेव्हनला मागे टाकू शकतो. रायझनची गंमत याहून मोठी. ७००० मालिकेत तिसरा आकडा आतलं डिझाइन सांगतो. ७५२०यू म्हणजे झेन टू, ७५३०यू म्हणजे झेन थ्री, ७५४०यू म्हणजे झेन फोर. तिन्ही रायझन फाइव्ह, तिन्हींवर स्टिकर एकच, आत मात्र पिढ्यांचा फरक. हे खरं तर घ्यायच्या आधी बघायचं, पण डब्यात निघालं तेच ऑर्डर केलं होतं का एवढी खात्री तरी करा.

एसएसडी ५१२ ची असेल तर विंडोज ४७६ दाखवतं, १ टीबीला ९३१. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, कोणी चोरलेलं नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि त्यात पॉवर ऑन अवर्स बघा. नव्या मशीनला ते एक आकडी किंवा फार तर दहा-वीस असायला पाहिजेत. शेकड्यात असतील तर तो डेमोला ठेवलेला किंवा कोणीतरी परत केलेला पीस आहे, सरळ परत करा, त्यावर वाद घालायची गरज नाही, स्क्रीनशॉट पुरतो.

उष्णता तपासायची तर एसी बंद करून. आपल्याकडे एप्रिल-मे मधे दुपारी ३८-४० होतं, आणि मशीनला त्यातच जगायचंय. सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारं सॉफ्टवेअर) लावा, त्याचा एक राउंड १० मिनिटं चालतो, बाजूला एचडब्ल्यूइन्फो (आतले आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून तापमान आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, बघत बसा. सुरुवातीला तापमान झटकन ९० च्या पुढे जाईल, हल्लीचे प्रोसेसर मुद्दाम तसे चालवतात, इंटेलची मर्यादा साधारण १०० च्या आसपास आणि रायझनची ९५ च्या. मग मिनिटभरात वॉट खाली येऊन एका जागी स्थिरावतील, तेही ठीक. काळजी कधी करायची, तर क्लॉक प्रोसेसरच्या बेस स्पीडच्या खाली घसरला आणि तरी तापमान मर्यादेला चिकटून राहिलं तर. तेव्हा आत पंखा किंवा थर्मल पेस्टचा (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) घोळ असू शकतो. हात ठेवून पण बघा, कीबोर्डच्या वरची पट्टी तापली तर तापू दे, मनगट ठेवतो ती जागा गरम होता कामा नये. पंखा वाजणारच, पण त्याच्या आवाजात खरखर, टिकटिक किंवा बारीक शिट्टी असेल तर रात्री शांततेत कान लावून खात्री करा. आणि हे सगळं गादीवर, गोधडीवर ठेवून करू नका, हवा आत जायची जाळी बहुतेक लॅपटॉपच्या पोटाला असते.

बॅटरीबद्दल पहिलं म्हणजे "आधी आठ तास चार्जिंगला लावा मग चालू करा" हे विसरा, ते जुन्या निकेलवाल्या बॅटऱ्यांच्या काळातलं आहे, लिथियमला गरज नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट एवढं इंग्रजी स्पेलिंगने टाइप करून एंटर मारा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते तिथेच लिहून येतं, ब्राउझरमध्ये उघडा. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. नव्या मशीनला दोन्ही जवळपास सारखे हवेत, थोडं इकडेतिकडे चालतं, १० टक्क्यांच्या वर तूट असेल तर विचारा, विशेषतः डब्यावरचा महिना जुना असेल तर.

जाहिरातीतल्या "१२ तास बॅकअप"ला काही अर्थ नाही, साधा भागाकार करा. माझी बॅटरी ५६ वॉट-अवरची, ब्राउझर आणि वर्ड चालू असताना मशीन ८ वॉटच्या आसपास खातं, म्हणजे ७ तास. त्यावर व्हिडिओ कॉल लावला की वॉट वाढतात आणि तास पटकन कमी होतात. किती वॉट खातंय ते एचडब्ल्यूइन्फोमध्येच दिसतं. खरी परीक्षा घ्यायची तर पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट जाते तो गुरुवार आहेच, आपल्या एरियातली जाणार असेल त्या दिवशी सकाळी फुल चार्ज करून बसा, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेहमीचं काम करा आणि दुपारी किती उरली ते बघा. ज्यांचा लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरलाच लावलेला असतो त्यांनी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग चालू करा, भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली की ती लवकर म्हातारी होते.

पोर्ट सगळे वापरून बघा, दिसायला सारखे असले तरी आतून सारखे नसतात. टाइप-सी दोन असतील तर चार्जिंग दोन्हींतून होतं का, डिस्प्ले दोन्हींतून निघतो का हे वेगवेगळं तपासा. शेजारी विजेचं चिन्ह आणि ४ असेल तर थंडरबोल्ट, त्यात डेटाचा वेग ४० जीबीपीएस, नुसतं यूएसबी ३.२ जेन १ असेल तर ५. एचडीएमआय घरच्या टीव्हीला लावून बघा. वायफाय सेटिंगच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोटोकॉल लिहिलेला असतो, वायफाय ६ सांगून ५ दिलंय का ते तिथे कळतं (पण राउटरही ६ चा हवा, नाहीतर मशीन बिचारं ५ च दाखवणार). पेठेत जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना ५ गिगाहर्ट्झचं सिग्नल दोन भिंतींपलीकडे मिळालं नाही तर तो लॅपटॉपचा दोष धरू नका. कॅमेरा, माइक, स्पीकर एका व्हिडिओ कॉलमध्ये उरकतात. लॅपटॉपचे स्पीकर चांगले असतील ही अपेक्षाच ठेवू नका, फटफट आवाज येत नसेल तर पास करा.

एक तक्रार मात्र खूप जण करतात आणि तिचा लॅपटॉपशी संबंध कमी, घराशी जास्त. मेटल बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की मनगटाला बारीक मुंग्या येतात, बोट हलकेच फिरवलं तर बॉडी खरखरल्यासारखी लागते. चार्जर काढला की बंद. होतं असं की अ‍ॅडॉप्टरच्या आत मेन लाइन आणि डीसी बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून किंचित करंट बॉडीपर्यंत येतो. तो अगदी थोडा असतो, मिलिअ‍ॅम्पिअरच्या आतला, आणि अर्थिंग असेल तर जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर तुमच्या हातातून. त्यामुळे तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर असूनही मुंग्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही किंवा मधे कोणीतरी दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलंय. आधी दुसऱ्या घरी, नाहीतर ऑफिसात लावून बघा, तिथे मुंग्या आल्या नाहीत तर मशीन परत पाठवू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याला मल्टिमीटर लावून फेज आणि अर्थमध्ये किती येतंय ते बघायला सांगा, २३० च्या आसपास यायला पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी दोन-चार व्होल्ट. जुन्या बांधकामात तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, वायरच जोडलेली नसते, आणि मग फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन सगळंच धोक्यात चाललेलं असतं, लॅपटॉपने फक्त ते दाखवून दिलं. अ‍ॅडॉप्टरच दोन पिनांचा असेल तर मात्र घरचं अर्थिंग चांगलं असून उपयोग नाही, थोड्या मुंग्या येतच राहणार.

टू-व्हीलरवरून नेणाऱ्यांसाठी, अ‍ॅडॉप्टर लॅपटॉपच्या झाकणाला लागून ठेवू नका, खड्ड्यात गाडी आदळली की तो झाकणावर दाबतो आणि काही दिवसांनी स्क्रीनवर पांढरा डाग उगवतो, तो वॉरंटीत बसत नाही. बॅगेत वेगळा कप्पा नसेल तर मधे वही घाला.

आता काही निघालंच तर. फोनवर नुसतं सांगू नका, अ‍ॅपमधून किंवा ईमेलवर लेखी तक्रार टाका, फोटो, व्हिडिओ, रिपोर्टचे स्क्रीनशॉट जोडा, आणि मुदत संपायच्या आत तक्रार नंबर हातात पाहिजे. मेकॅनिक घरी येऊन "हे नॉर्मल आहे" म्हणाला तर ते त्याच्याकडून लेखी घ्या, शब्द बदलतात लगेच. विक्रेता ऐकतच नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

सगळं ठीक निघालं तरी एक काम राहतं, कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून धरली आहे ते बघा. कधीकधी ती माल गोडाऊनमधून निघाला त्या तारखेपासून सुरू झालेली दिसते. बिल अपलोड केलं की तारीख दुरुस्त करून देतात, पण ते आत्ता, बिल सापडतंय तोवर करा.